चार किलवरची कहाणी

"प्रमिला, भिडूच्या हुकमाला तुझा आधार असेल आणि शेजारी तुझा स्वतःचा एखादा रंग भक्कम असेल, तर लाजू नकोस. उडी मारून तो रंग दाखव. मी समजून घेईन."

हा आवाज संघमित्राताईंचा. अजूनही तो माझ्या कानात आहे, आणि अजूनही मी गोंधळलेलाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पण डाव खेळतात त्यातला नव्हे, बोली लावतात त्यातला. ब्रिजच्या खेळात चौघे बसतात आणि समोरासमोरचे दोघे भिडू असतात. कोणता रंग हुकूम आणि किती हात करायचे, हे आधी ठरवावे लागते. ते तोंडाने बोलायचे नाही, डबीतला पत्ता काढून पुढे ठेवायचा. त्या डबीत माझा मुक्काम. माझ्या अंगावर चारचा आकडा आणि किलवरची खूण आहे.

मी कुठे छापला गेलो ते मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा दीपनगरच्या वसाहतीत, संघमित्राताईंच्या टेबलावर होतो. ताई तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त झालेल्या. त्यांच्या शेजारच्या प्रमिलाबाई फार देवभोळ्या. चातुर्मासात त्या रोज पूजेपासून सांजवातीपर्यंत मौन धरतात. त्या मौनात लिहून सांगणेही चालत नाही. पण पत्ता पुढे ठेवायला बोलावे लागत नाही, म्हणून हा खेळ त्यांच्या व्रताला चालला. माझ्या कोपऱ्यावर पिवळा डाग दिसतो ना? तो त्यांच्या बोटांवरच्या हळदीचा.

मला फारसे कुणी काढत नसे. "पास"चे पत्ते वापरून वापरून मऊ पडले, मी मात्र कोरा करकरीत. मग ताईंनी तो नवा संकेत शिकवला आणि माझे दिवस पालटले. भिडूने इस्पिक बोलावे, मध्ये कुणी चौकट बोलावे, आणि प्रमिलाबाईंनी एकदम मला पुढे ठेवावे. अर्थ असा, की हुकूम तुझाच, इस्पिकच. शिवाय माझ्याकडे किलवरचे धन आहे, ते तुझ्या कामी येईल.

आता तुम्हीच सांगा, माझे नाव घ्यायचे आणि मला नको म्हणायचे! मी किलवर की इस्पिक? लोक माझी वाहवा करत, आणि मी डबीत परतलो की विचार करत बसे.

यंदा श्रावणात जळगावला स्पर्धा होती. ताई त्यानंतर कायमच्या धुळ्याला, मुलाकडे, प्रशीलकडे जाणार होत्या. दोघींची ही शेवटची स्पर्धा. सांजवातीनंतर तुळशीपाशी उभे राहून प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही गेलात तरी पहिल्या गुरुवारी मी धुळ्याला येईन. डबी घेऊन येईन."

स्पर्धेच्या दिवशी प्रशीलच्याच गाडीतून निघालो. वाटेत ताई म्हणाल्या, "प्रमिला, आज समोर अनोळखी माणसं. ते उडीचं राहू दे, साधंच खेळू. चालेल ना?"

नेमके तेव्हाच रस्त्याकडेला मारुतीचे देऊळ आले. प्रमिलाबाईंनी मान लववली. डोळे मिटलेले, ओठांत नामस्मरण. ताईंचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. ताई समाधानाने मागे टेकल्या.

शेवटच्या डावात ताईंनी एक इस्पिक काढले. शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्धी कौतिकनानांनी दोन चौकट. प्रमिलाबाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी मला बाहेर काढले. ताईंनी माझ्याकडे पाहिले, भुवई उंचावली आणि मला साधी बोली समजून "पास"चा पत्ता ठेवला.

मी एकटाच उरलो. किलवर हुकूम! खेळाच्या नियमाप्रमाणे ताईंनी आपली पाने उघडी मांडली. इस्पिकात दहा हात सहज होते. किलवरात आम्ही बुडालो.

"अक्का, तुमले किलवरना इतला सोस शे का?" कौतिकनाना हसले. "बठ्ठा डाव बुडना ना!"

ताई हसल्या नाहीत. "गाडीत मान डोलावलीस आणि इथं उडी मारलीस? माझ्या इस्पिकाचं तुला काहीच नव्हतं का गं? शेवटच्या दिवशीसुद्धा?"

आत्ता कुठे प्रमिलाबाईंच्या ध्यानात आले, की गाडीत ताई काही बोलल्या होत्या आणि ते आपल्याला ऐकूच आले नव्हते. पण दिवेलागणीला अवकाश होता. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, देवळात करतात तशी मान लववली. मला उमगले, गाडीत मान मारुतीपुढे लववली होती, हे त्या सांगत होत्या. ताईंना वाटले, ही आपल्याला निरोपाचा नमस्कार करते आहे.

"बरं. नमस्कार," ताई म्हणाल्या, आणि धुळ्याच्या वाटेला लागल्या.

प्रमिलाबाई एसटीने एकट्या परतल्या. सांजवात लागताच त्यांनी फोन केला. प्रशीलने उचलला. "मावशी, आई झोपलीय." पुढेही तेच. आई बाहेर गेलीय, आईचं डोकं दुखतंय. सांगायचे ते राहूनच गेले.

मित्रांनो, तेव्हापासून मी विचार करतो, चूक कुणाची? माझी, त्या मानेची, की मारुतीच्या देवळाची? मला काही कळत नाही. एवढीच विनवणी करतो, की जवळच्या माणसाने तुमच्यापुढे काही ठेवले आणि ते विचित्र वाटले, तर लगेच पास म्हणू नका. क्षणभर थांबा. त्याला बोलता येत नसेल, तर संध्याकाळपर्यंत थांबा. आणि त्याने ठेवलेले नीट जपा.

आज तो पहिला गुरुवार. प्रमिलाबाईंची पूजा आटोपली आहे, म्हणजे मौन सुरू झाले. सून दिपमाला म्हणाली, "आई, बोलायचं नाही तर इतक्या लांब जाऊन करणार काय? आणि त्यांनी दारच नाही उघडलं तर?"

प्रमिलाबाईंनी पिशवीत डबी ठेवली. मग काहीतरी आठवून मला बाहेर काढले, पदराने पुसले. माझ्याबरोबर चार इस्पिकही काढले, आणि दोघांना एकत्र, त्याला, ताईंच्या हुकमाला, वर नि मला आधाराला त्याच्या खाली धरून, रुमालात बांधले. पायांत चपला सरकवल्या आणि धुळ्याच्या गाडीसाठी त्या निघाल्या.