दोन वर्तुळं, दोन खोरी

भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं तेव्हा सोनुन चहा ओतत होती. जमीन हलायची थांबायच्या आत ती यंत्रांपाशी पोचली. फ्रुंझे शहरातल्या भूकंप केंद्रात इतकी वर्षं काढली, पण सुया अशा पिसाळलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या.

"मोठाय, आगाय. तीव्रता सातच्या आसपास."

केंद्रप्रमुख तोल्योमुश, ज्यांना सगळे आदराने आगाय म्हणत, फोनला चिकटले होते. "किती मोठा ते राहू दे, कुठे ते सांग! हेलिकॉप्टर एकच आहे."

पहिली लाट आणि तिच्यामागून येणारी दुसरी, यांच्यातल्या वेळावरून भूकंप किती लांब झाला ते निघतं; कुठल्या दिशेला, ते नाही. सोनुनने नकाशावर फ्रुंझेभोवती वर्तुळ काढलं. ओशच्या केंद्राहून आकडे आले, तसं ओशभोवती दुसरं. वर्तुळं दोन ठिकाणी छेदली: पश्चिमेला अकबुलाकच्या खोऱ्यात आणि पूर्वेला कोकसायच्या. यातलं खरं कुठलं, ते तिसरं केंद्र सांगणार. तिसरं नारीनचं, आणि तिथला फोन लागेना.

"नारीन पूर्वेलाच ना? तारा तुटल्यात. म्हणजे कोकसाय."

"तारा वाऱ्यानेही तुटतात, आगाय. सुईच्या पहिल्या हिसक्यावरून दिशा कळते; तो पुसट आहे, पण मला पश्चिमेचा वाटतोय. ताश्कंदच्या केंद्राचे आकडे येईपर्यंत थांबू या."

"माणसं दगडांखाली आणि आपण थांबायचं? अकबुलाकला तुझी बहीण राहते, म्हणून तुला पश्चिम दिसतेय."

सोनुनची मान खाली गेली. खरंच तसं असेल तर? तिने वाद सोडून पेन्सिल खाली ठेवली. हेलिकॉप्टर कोकसायला गेलं.

ताश्कंदचं वर्तुळ अकबुलाकवरून गेलं. कोकसायला फक्त भांडी पडली होती. हेलिकॉप्टर इंधन भरून अकबुलाकला उतरलं तोवर अंधार पडला होता. सोनुनच्या बहिणीला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा तिचं अंग अजून कोमट होतं. शेजारीण म्हणाली, दुपारभर आतून आवाज येत होता.

दुखवट्याच्या घरी आगाय आले आणि टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले.

"शिव्या दे मला, पोरी."

"तिथे दुसऱ्या कुणाची बहीण असती, तर मी तुमच्याशी भांडले असते," सोनुन म्हणाली.

बायकांचं रडणं पुन्हा सुरू झालं. तिने सरकून आगायना बसायला जागा करून दिली.