शेवंताचा सैल लगाम

मी एक जुनी घोडी आहे, नाव शेवंता. मित्रांनो, मी बोलत असताना मध्ये चुळबूळ केलेली मला खपत नाही.

माझा जन्म गडमुडशिंगीच्या एका तबेल्यात झाला. तरुणपणी मी शर्यती जिंकल्या, कपाळी गुलाल मिरवला. पुढे गुडघा सुजला आणि गुलाल लावणारे हात दिसेनासे झाले. तेव्हा भैरवीताईंनी मला कळंब्याच्या मैदानावर, मुलांना घोडेस्वारी शिकवण्यासाठी आणले.

तिथेच अवनी आली. जुन्या पैलवान तात्यांची ही नात. तिला चौखूर दौडायचे होते, तेही आमच्या तरण्या घोड्यावर, वादळवर. ताईंची अट एकच होती: आधी शेवंतावरून दुडक्या चालीने मैदानाची एक फेरी पुरी करायची.

तात्या कुंपणापलीकडून गरजत, "पकड सोडू नगंस, पोरी!" आणि ती गुणी पोर मांड्यांनी मला आवळी, मुठींनी लगाम ओढी. आमच्या लेखी मांड्या आवळणे म्हणजे 'चल' आणि लगाम ओढणे म्हणजे 'थांब'. दोन्ही हुकूम एकदम आल्यावर मी काय करावे? एके दिवशी मी जागीच थबकले आणि अवनी माझ्या मानेवरून मातीत पडली.

"मी न्हाय येणार उद्यापास्नं," ती हुंदके देत म्हणाली. "मला जमतच न्हाय."

ताईंनी तिची माती झटकली. "काय करायचं ठरवून बसलीवतीस?"

"दौडायचं."

"दौडतंय ते घोडं. तू काय करणार, ते सांग की!"

अवनीने माझ्याकडे पाहिले. माझ्या ओठाच्या कडेला लगामाचा लाल वळ उठला होता. बराच वेळ तिची नजर तिथून हलली नाही.

"मूठ सैल ठेवीन," ती पुटपुटली.

"बास. आठवडाभर तेवढंच."

"अन् परत पडली तर?" तात्या गुरगुरले.

"तात्या, घोडी हाय ती. चीत करायला गडी न्हाय!"

तात्या मिशीत हसले.

त्यानंतर पुढे काय साधायचे ते अवनी स्वतःच ठरवू लागली. मूठ साधली, तेव्हा मांड्या. मांड्या साधल्या, तेव्हा नजर. एका सकाळी लगाम इतका हलका आला की मी आपसूक दुडकी चाल धरली. फेरी पुरी झाली. तात्या ओरडायचेच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी ती वादळवर बसली. मी चिंचेखाली उभी राहून पाहत होते. ठरले होते तसेच झाले. तरी माझी पाठ रिकामी वाटली, हे लपवत नाही.

दौड संपताच तिने वादळच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, म्हणजे तंग, सैल केला, घाम निवेपर्यंत त्याला फिरवले आणि मग ती माझ्याकडे आली. जुन्या वळाच्या जागी तिने आपला उघडा तळहात ठेवला. त्या स्पर्शात पकड अशी नव्हतीच.

मित्रांनो, मोठी ध्येये खुशाल ठेवा. पण लगाम हाती घ्याल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या: त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी तोंड असते.