मध्यंतरीचा हार

भाद्रपदाचे ऊन ओले होते. माळावर तेरडा फुलला होता, गुलाबी, जांभळा, आरक्त; आणि त्या रंगोत्सवाच्या पायतळी कुजत्या गवताचा वास दाटून राहिला होता. वर रंग, खाली कुजणे. सूर्य कलला तशी एक पिवळी तिरीप देवळाच्या सभामंडपात शिरली आणि खांबाला टांगलेल्या झांजेवर थबकली.

झांज भानुदासची होती. निळ्या टोपीच्या शांतिसेनेतून सागरापार काँगो देशी गेलेल्या, तेविसाव्या वर्षी तिथल्याच मातीत मिळालेल्या भानुदासची. कळू लागल्यापासून तो वामनबुवांच्या कीर्तनात मागे उभा राहून झांज वाजवी. आज त्याचे वर्षश्राद्ध झाले होते. आता बुवांचे कीर्तन होते, आणि यजमानीण होती त्याची आई, तानूबाई.

तानूबाईचे काळीज कीर्तनावर पोसलेले. बुवांनी ‘नारायण’ म्हणावे आणि हिचे डोळे भरून यावेत, असा उभा जन्म गेलेला.

पण आज देवाच्या बाजूला एक पडदा टांगला होता. सरपंचांनी तालुक्याहून रंगवून आणलेला. पडद्यावर भानुदास, बंदूक रोखलेला, मिशा पिळलेला. त्याला कधी नव्हत्याच त्या मिशा. पायाशी प्रेतांची रास. राशीवर ओघळलेला लाल रंग अजून ओलाच होता, आणि त्यात माश्या चिकटून तडफडत होत्या.

"काय काकी, दिसतोय की नाही वाघ?" सरपंच म्हणाले. "रंगाऱ्याला सांगितलंच होतं, प्रेतांत हात आखडू नकोस म्हणून."

मंडळी हसली. तानूबाईने किळसून तोंड फिरवले.

पूर्वरंग उभा राहिला. नामाचा महिमा बुवांच्या कंठातून चंदनासारखा झिजू लागला, आणि ती त्या सुगंधाच्या आडोशाला जाऊन बसली. तेवढ्यात बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"आता उत्तररंगात ऐकायचं ते आपल्या भानुदासचं आख्यान. एकट्या पोरानं सतरा वैऱ्यांना कंठस्नान घातलं, आणि मगच देह ठेवला."

मंडप गर्जला. तानूबाईने बुवांकडे पाहिले. बुवा खाली पाहत होते.

कारण खरे काय ते पत्राने आले होते, आणि ते पत्र बुवांनीच तिला वाचून दाखवले होते, ह्याच देवळाच्या पायरीवर. कोल्हापूरकडच्या एका सोबत्याने लिहिले होते. ताप. सात दिवसांचा काळा ताप. सातही दिवस तो ताक मागत होता. आणि शेवटी म्हणाला, आईला सांग, माझ्या बंदुकीतून कुणावर एक गोळी सुटली नाही. देवानं हात निर्मळ ठेवले. ते शेवटचे वाक्य बुवांनी दोनदा वाचले होते.

तोच गळा. तेच ओठ.

मग किळस वळली, आणि तिच्याच अंगावर आली. किती आख्याने ऐकली होती तिने ह्या मंडपात! मस्तके उडत, रुधिराच्या नद्या वाहत, आणि ही भान हरपून टाळ्या वाजवी. कुणाची होती ती मस्तके? कुणाच्या कुशीची? तिने कधी विचारले नव्हते. आज तिला आपले तळवे चिकट वाटले. तिने ते पदराला पुसले, पुन्हा पुसले.

मध्यंतर झाले. रिवाज असा, की यजमानाने बुवांना बुक्का लावायचा, हार घालायचा; हार पडल्यावाचून उत्तररंगाला आरंभ नाही. ती उठली. सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडू बुळबुळीत झाला होता. बुवांनी मान झुकवली.

हात वर गेले आणि तिथेच राहिले.

"हार, तानूबाई," बुवा पुटपुटले.

"सतरा कुठनं आले, बुवा?"

"आख्यान आहे, बाई. थोडा रंग भरावा लागतो. लोक त्यासाठीच बसतात."

"माझ्या पोरानं हात धुतलेले ठेवले. तुम्ही ते रक्तात बुडवताय. सतरा आयांची लेकरं त्याच्या माथी मारू नका."

"काकी," सरपंच पुढे आले, "तापानं गेला म्हणून कीर्तनात सांगायचं? गावाची काय शोभा राहील?"

"गेला तो माझा. शोभा तुमची, ती घेऊन जा."

बुवांची मान झुकलेलीच होती. हाराची वाट पाहणारी ती मान आता दुसऱ्याच भाराने वाकली होती. त्यांनी हात पुढे केला.

"पत्र आहे जवळ?"

तिने कनवटीचे पत्र काढून दिले. त्या जीर्ण, घामट, चतुष्कोणी कागदावरून, हाराविनाच, बुवा आख्यान सांगू लागले. ताप आला, आणि मंडळी चुळबुळली. ताक आले, आणि अर्धा मंडप उठला. पोराचे मरण साधेच निघाले म्हणून चिडलेले, चपला शोधणारे पाय. सरपंचांनी ओढून पडदा गुंडाळला. ओला लाल रंग त्यांच्या दोन्ही तळव्यांना लागला, आणि त्यांनी तो जाता जाता देवळाच्या खांबाला पुसला.

तानूबाईने हार उंबऱ्याबाहेर ठेवला. खांबावरची झांज सोडून घेतली, पदराने पुसली, आणि बुवांच्या मागे, लेकाच्या जागी, जाऊन उभी राहिली.

पत्रातल्या निर्मळ हातांपाशी बुवांचा स्वर पोहोचला, आणि तिने झांजेवर झांज टेकवली. एकच नाद उठला. तो खांबावरच्या लाल बोटांवरून गेला, सडत्या झेंडूवरून गेला, तेरड्याच्या माळावर गेला, आणि दूर, जिथे ऊन संपते तिथे, हळूहळू, हळूहळू, निवत गेला.