आरशातलं बोलणं

फोन आला तेव्हा काकांच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती. डावा गाल साफ, उजव्यावर साबण. काकांनी वस्तरा खाली ठेवला, ओला हात टॉवेलला पुसला आणि फोन कानाला लावला. दवाखान्यातली बाई बोलत होती. आदल्या दिवशी काकूंचं ऑपरेशन झालं होतं, अगदी किरकोळ म्हणावं असं. उद्या घरी सोडणार होते. म्हणून तर सकाळी काकूंनीच त्यांना तिथून पिटाळलं होतं. "माझ्या तोंडाकडे बघत बसून काय होणार आहे? दुकान उघडा जा." आता ती बाई सांगत होती की काकूंचं हृदय अचानक बंद पडलं, डॉक्टरांनी बरीच खटपट केली, पण उपयोग झाला नाही.

काका "बरं" म्हणाले. फोन खाली घेतला आणि मागच्या बाकाकडे वळून म्हणाले, "पोरांना कळव गं."

बाक रिकामा होता. जेवणं उरकली की काकू रोज विणकाम घेऊन तिथे येऊन बसायच्या. फोनवर ऐकलं ते काकांच्या कानातच राहिलं होतं. बायको गेली हे त्यांना कळलं ते त्या बाकाकडे बघितल्यावर.

मग त्यांनी स्वतःच थोरल्याचा नंबर लावला. तिकडून लगेच आवाज आला, "हां आई, बोल. एक दिवस आधीच सोडलं का?" काकांच्या फोनवरून फोन आला म्हणजे बोलणार आईच, हे त्या घरात ठरलेलं होतं. काकांनी तोंड उघडलं. शब्द काही फुटेना. "आई? ऐकू येतंय का?" थोरला विचारत राहिला. काकांनी फोन त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

तो बिचारा साबणाच्या तोंडानं उठून उभा राहिला. काय झालं असावं ते त्याला काकांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. "मी तुमच्या वडिलांच्या दुकानातून बोलतोय," तो म्हणाला. "आधी कुठेतरी बसून घ्या." मग त्यानं सांगितलं. धाकटीलाही त्यानंच सांगितलं. आणि टॉवेलनं गाल पुसून, दुकानाचं शटर ओढून, काकांना स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून तो दवाखान्यात घेऊन गेला. अर्ध्या दाढीनं.

काकांची ही गंमतच होती. दुकानात त्यांचं तोंड बंद व्हायचं नाही आणि घरात ते उघडायचं नाही. खुर्चीत माणूस बसला, गळ्याला कापड बांधलं, हातात कात्री आली की समोरच्या आरशात बघत ते कुणाशीही काहीही बोलू शकत. लोक त्यांना मनातलं सांगत आणि तेही लोकांना चार शब्द सुनावत. पण घरी माणूस थेट समोर यायचा, मध्ये आरसा नसायचा. तिथे त्यांची गाडी अडायची.

म्हणून घरातलं सगळं बोलणं काकूंमधून जायचं. "बाबांना विचार, पंखा बंद करू का," थोरला म्हणायचा, आणि बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. "त्याला सांग, कर म्हणून," काका म्हणायचे. काकू वैतागायच्या. "मी काय मधली खिडकी आहे का? दोघांना दोन-दोन कान दिलेत ना?" पण वैतागूनही त्या निरोप पोचवायच्या. मुलं मोठी झाली, थोरला नोकरीसाठी एका शहरात गेला, धाकटी लग्न करून दुसऱ्या टोकाच्या शहरात गेली, तरी रीत तीच राहिली. भाऊ आईला फोन करी, बहीण आईला फोन करी. एकमेकांना करायची वेळच येत नसे, कारण एकमेकांचं सगळं आईकडून कळत असे.

सगळं आटोपून पाहुणे गेल्यावर घरात तिघंच उरले. थोरला खिडकीशी, धाकटी पलंगाच्या कडेला, काका दाराजवळच्या स्टुलावर. कुणाला काही सुचलं की मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळत होती. तिघांच्याही ते लक्षात आलं होतं आणि तिघंही तसं दाखवत नव्हते.

शेवटी धाकटीनंच सुरुवात केली. "दादा, माझ्या बारक्याला तो निळा स्वेटर अजून होतो बरं का. बाह्या जरा उसवून वाढवल्या."

"कुठला स्वेटर?"

"तू पाठवलेला. आईबरोबर."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. काकांनी मान खाली घातली. तो स्वेटर त्यांच्या डोळ्यांसमोर, दुकानाच्या बाकावर विणला गेला होता.

"मी नाही पाठवला," थोरला म्हणाला. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण तो आज थकलेला होता. "मला तर तो कसा दिसतो तेसुद्धा माहीत नाही."

"असं कसं? आई म्हणाली, मामानं आठवणीनं लोकर निवडली."

"मला आई म्हणाली होती की मला बढती मिळाली तेव्हा तू आनंदानं रडलीस."

धाकटीनं आठवून पाहिलं. "मला बढतीचं कळलंच मुळी दिवाणखान्याचे पडदे शिवत असताना. आई फोनवर म्हणाली, अगं हो, सांगायचं राहिलंच. मी बरं म्हटलं आणि शिवत राहिले."

मग एकेक धागा निघायला लागला. तिच्या आजारपणात त्यानं केलेली चौकशी त्यानं केलेली नव्हती. त्याच्या नव्या घरासाठी तिनं सुचवलेला रंग तिनं सुचवलेला नव्हता. ती त्याची खुशाली विचारायची हे खोटं, त्याला तिची काळजी वाटायची हेही खोटं.

"म्हणजे इतकी वर्षं मी आईशीच बोलत होते," धाकटी म्हणाली. "दोन्हीकडून तीच."

"मग मी काय करू? मी तिला सांगितलं नव्हतं असं कर म्हणून."

"तू काही करू नकोस. तुला सवयच नाहीये काही करायची." ती उठली आणि बॅग भरायला लागली. "मी संध्याकाळच्या गाडीनं जाते. इथे राहून काय करायचंय?"

"जा," थोरला म्हणाला. "मीही निघतो."

काका स्टुलावर बसून होते. ही दोघं आता अशी गेली तर परत एका खोलीत येणार नाहीत, हे त्यांना लख्ख दिसत होतं. आजवर यायला कारण आई होती. आणि आपण काही सांगून त्यांना थांबवू असं म्हणावं, तर आपली जीभ आपल्याला ठाऊक.

धाकटी बॅगेवरून वर बघून म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं हे?"

तिनं त्यांना सरळ काही विचारलं होतं, आणि तेही अशा वेळी. काकांची मान सवयीनं दाराकडे वळली. परत आली. ते म्हणाले, "दुकानात चला."

"काय?"

"केस वाढलेत दोघांचे. चला."

बहीणभावांनी एकमेकांकडे बघितलं. धक्का बसल्यानं बाबांचं डोकं चालेनासं झालंय की काय, अशी शंका दोघांनाही आली, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. काका तोवर चप्पल घालून पायऱ्या उतरले होते. त्यांच्या मागे जाणं भाग होतं.

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. काकांनी शटर वर केलं. आतमध्ये सगळं त्या दिवशीसारखंच होतं. ब्रशवर साबण वाळून कडक झाला होता, वस्तरा उघडाच होता. त्यांनी ते आवरलं, थोरल्याला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, केसांवर पाणी मारलं. धाकटी मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथे बसायला दुसरी जागाच नव्हती.

कंगवा फिरला, कात्री चालायला लागली आणि काका आरशात बघून बोलायला लागले.

"हे कापलेत कुणी? मागे पायऱ्या पाडल्यात. भांडण होतं का तुझं त्याच्याशी?"

"तिकडे असेच कापतात," थोरला म्हणाला.

"तू विचारलंस ना ठकू," काका आरशातून बाकावरच्या धाकटीकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं. निम्मं तरी होतंच. ती इथेच बसून फोन करायची. हा म्हणायचा, आई, मला काम आहे, नंतर बोलतो. ती फोन ठेवायची, जरा वेळ टाके मोजायची, मग तुला फोन लावायची. दादा तुझी आठवण काढत होता गं. मी इथून बघायचो. ओठ हलायचे तिचे आधी, पाठ केल्यासारखे. मी एकदा म्हटलं, कशाला खोटं बोलतेस. तर म्हणाली, खोटं कुठे, नुसतं लवकर सांगते. त्यांना सुचायला वेळ लागतो तुमच्यासारखा."

काकांनी थोरल्याच्या मानेवरचे कापलेले केस झटकले.

"मीही काही बोललो नाही. मला सोयीचंच होतं. ती होती ना सगळ्यांचं बोलायला."

धाकटी बाकावरून आरशात भावाकडे बघत होती. आरशात बघणं सोपं जात असावं. ती म्हणाली, "बारका झाला तेव्हा तू आला नाहीस. आई म्हणाली, तुला ताप आहे."

"मला ताप नव्हता. मी तिकीट काढून बसलो होतो. आई म्हणाली, तिला आराम हवाय, गर्दी नको, नंतर जा."

"मी कधी म्हटलं गर्दी नको?"

"मला काय माहीत? मला वाटलं, मीच नको असेन. लग्नात मी तुझ्या नवऱ्याला काहीतरी बोललो होतो ना, तेव्हापासून."

"काय बोलला होतास?"

"हिला उठवायला रोज तीन माणसं लागतात, असं."

"एवढंच?" धाकटी म्हणाली. "ते खरंच आहे. तिघांचं काम तो एकटाच करतो, आणि रोज मला ऐकवतो."

थोरला हसला. "हलू नकोस," काकांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं, "कान जाईल." असं पोराचं डोकं त्यांनी किती दिवसांनी हातात धरलं होतं. पाठीमागे तो लहानपणचा भोवरा तसाच होता, कितीही पाणी मारा, उभाच राहणारा.

"तिनं असं का केलं असेल?" थोरल्यानं आरशातल्या बापाला विचारलं.

"मला वाटतं, तुम्ही दोघं भांडाल याची तिला भीती असायची. तुम्ही समोरासमोर आलात की भांडाल. म्हणून तिनं तुम्हाला समोरासमोर येऊच दिलं नसेल. मनानं चांगलीच होती. पण बघ, आता तुम्ही भांडलात आणि काही कुठे आग लागली नाही."

मग धाकटीची पाळी आली. ती नको नको म्हणत होती, पण काकांनी कापड झटकून धरलं तशी बसली. लहान होती तेव्हा खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून तिला वर बसवावं लागे, आणि हलू नये म्हणून भावानं समोरून तिची हनुवटी धरून ठेवायची, असा नियम होता. थोरल्याला तो आठवला असावा. तो बाकावर बसला नाही, आरशाच्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला.

"टोकं तेवढी काढा, बाबा. जास्त नको."

"जास्त काढा," थोरला म्हणाला. "दिसते कशी बघा. झाडूला पाय फुटल्यासारखी."

"तू गप. तुझ्या डोक्याचं आधी बघ, मागून गोठा दिसतोय."

"गोठा बाबांनी केलाय. त्यांना सांग."

"बाबा, दादा म्हणतो तुम्ही गोठा केलाय."

"ऐकलं मी," काका म्हणाले. "मला कान आहेत."

थोड्या वेळानं धाकटीनं विचारलं, "बाबा, त्या दिवशी फोन कुणी केला होता? तो माणूस कोण होता?"

काकांचा हात थांबला. "गिऱ्हाईक होतं. अर्धी दाढी झाली होती त्याची."

"फार हळू सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "मला म्हणाला, हातात काही असेल तर खाली ठेवा. मी दूध घेऊन उभी होते. ठेवलं मी."

थोरला म्हणाला, "मला वाटत होतं, तुम्ही बोलाल. मागे तुमचा श्वास ऐकू येत होता."

काकांनी आरशात दोघांकडे बघितलं. इथे त्यांना काहीही बोलता येत होतं, तरी यावर उत्तर आलं नाही. त्यांनी कंगवा पाण्यात बुडवला आणि राहिलेली टोकं काढली.

धाकटी संध्याकाळच्या गाडीनं गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिची बॅग धरून थोरला स्टेशनापर्यंत गेला. कुठल्या गाडीत जागा मिळेल यावरून दोघं रस्ताभर वाद घालत होते, तो आवाज काकांना गॅलरीतून बराच वेळ ऐकू येत होता.

आता ती दोघं एकमेकांना फोन करतात. नेहमी गोड बोलतात असं नाही. मागे एकदा धाकटी काकांना म्हणाली, "दादाला सांगा, मी त्याच्याशी बोलणार नाहीये." काका म्हणाले, "तूच सांग त्याला. मी मधली खिडकी नाही." ती रडत रडत हसली, कारण ते शब्द कुणाचे होते ते तिला कळलं.

काकाही फोन करतात. गिऱ्हाईक नसलं की दुकानात फोन आरशाला टेकवून उभा करतात, कॅमेरा सुरू करतात, हातात कंगवा घेतात आणि बोलतात. हातात कंगवा कशाला, असं बारका विचारतो. त्याचं कारण त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही येतं. उरलेली बाजू त्यानं घरीच केली होती; त्याबद्दल काकांनी त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, "त्यात काय, मला जमली तरी का नीट?"

निळ्या लोकरीचा एक गुंडा बाकाखालच्या पिशवीत सुयांसकट पडून आहे. तो धाकटी घेऊन जाणार आहे. थोरल्यानं पुढच्या सुट्टीत तिच्याकडे जायचं कबूल केलंय.

तुमची आई गेली, हे वाक्य मात्र काकांनी आपल्या तोंडानं पोरांना अजून सांगितलेलं नाही. ते राहिलंय.