वाढणारीला तळाचं

बाजार उठायच्या वेळेला ती पिशवी घेऊन निघायची. भाजीवाले माल आवरायला लागले की कोबीची बाहेरची पानं फुकट मिळतात आणि मुळ्याचा पालाही मिळतो. बाहेरची पानं जून असतात, पण बारीक चिरून नीट शिजवली तर पोटाला चांगली, असं तिला अनुभवाने कळलेलं होतं. तडकलेली अंडी अंडेवाला वेगळी ठेवायचा, ती अर्ध्या भावात मिळत.

"आज तडकली नाहीत का?" ती विचारायची.

"तुझ्यासाठी आता आपटू का दोन-चार?" अंडेवाला म्हणायचा.

घरात माणसं चार. नवरा गोदामात गोण्या उचलायचा. मुलगी अकरा वर्षांची, मोठ्या माणसासारखी बोलायची म्हणून बाप तिला मास्तरीण म्हणे. धाकटा मुलगा गब्बू. तो काडीसारखा होता, म्हणूनच त्याचं नाव गब्बू. आणि ती स्वतः लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची.

पैसे कमी होते, पण तिचं डोकं चालायचं. एक दिवस मसूर, एक दिवस मटकी, तीही मोड आणून. भोपळा सालासकट. पालेभाजीवर लिंबू, कारण लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रविवारी अंडी. भाताबरोबर मूठभर शेंगदाणे कुटून. रविवारी दुपारीच ती पुढच्या आठवड्याचं सगळं मनात मांडून ठेवायची. बायका म्हणत, "हिच्या घरी काय कमी आहे? रोज वेगळं!"

कमी होतं ते असं. सगळ्यांना पोटभर वाढलं की पातेल्यात तिच्यासाठी फारसं काही उरत नसे.

मुलं लहान असताना एकदा मुलीने विचारलं होतं, "आई, तुझ्या ताटात भाजी का नाही?" तेव्हा तिला झटकन सुचलं ते ती बोलली. "अगं, वाढणारीला तळाचं मिळतं. सगळी ताकद खाली बसते, ठाऊक आहे? तुम्हाला नुसतं वरचं." मग पातेल्यात घोटभर पाणी घालून तिने ते विसळलं आणि पिऊन टाकलं. "आणि जी चिकटून बसते ना, ती अशी सोडवून घ्यायची."

मुलं हसली. नंतर तो घरातला खेळच झाला. गब्बू रोज भांडायचा, "आज तळाचं मला!" आणि आई म्हणायची, "वाढायला शीक, मग मिळेल."

ती वाढायची मात्र नेहमी डाव अगदी तळापर्यंत नेऊन, ढवळून. त्यामुळे घट्ट डाळ दुसऱ्यांच्या ताटात जायची.

मग लॉन्ड्रीत पाळी बदलली. दुपारी निघायचं आणि घरी यायचं ते सगळे जेवून झाल्यावर. तिने मुलीला सगळं शिकवलं. "तळापासून ढवळून वाढ. बाबांना आधी, ते उचलून दमलेले असतात. गब्बूला विचारून वाढ, नाहीतर तो बोलत नाही. माझ्यासाठी ठेवू नकोस, मला तिकडे मिळतं." तिकडे मिळायचा तो एक कप चहा, तोही मुकादमाची मर्जी असेल तर. पण तिला वाटलं, माझा वाटा सुटला, म्हणजे लेकीला थोडं जास्त जाईल. या विचाराने तिचा हात इस्त्रीवर हलका पडायचा.

मुलगी मन लावून वाढायची. बाप ताट पुढे करायचा, "आण अजून. आमच्या मास्तरणीचा हात आईपेक्षा सैल आहे हो!" तिला फार बरं वाटायचं. गब्बू तोंडातला घास संपायच्या आधी वाटी पुढे सरकवायचा. दोघांचं झालं की ती पातेलं मांडीवर घेऊन बसायची.

"मला दे ना थोडं तळाचं," गब्बू म्हणायचा.

"वाढायला शीक, मग मिळेल," ती म्हणायची आणि पातेलं त्याच्यापासून लांब धरायची.

पावसाळा संपता संपता कवायतीत ती दोनदा खाली बसली. तिसऱ्यांदा पडली. शाळेतल्या नर्सबाईंनी तिचं वजन केलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला बोलावून घेतलं.

आई सकाळीच गेली, धुतलेलं लुगडं नेसून. तिला वाटलं होतं, बाई आपल्याला बोल लावणार, मुलांना काही धड खायला घालत नाहीस म्हणून. तेव्हा तिने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. मसूर, मोडाची मटकी, पाला, लिंबू, अंडी, शेंगदाणे.

नर्सबाई ऐकत राहिल्या. "छान करता तुम्ही. खरंच. माझ्या घरी एवढा विचार करून होत नाही." मग त्या मुलीकडे वळल्या. "आणि तू काय खातेस गं?"

"तळाचं," मुलगी म्हणाली.

"तळाचं म्हणजे?"

"पातेल्याच्या तळाचं. जी वाढते ना, तिला मिळतं. सगळी ताकद त्यातच असते. आमच्या गब्बूला पण हवं असतं, पण मी देतच नाही." एवढं सांगून तिने पातेलं कसं विसळायचं तेही हाताने करून दाखवलं.

आई हसली. ते हसू तिला आवरेना, म्हणून तिने पदर तोंडावर धरला.

नर्सबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्या ओरडल्या नाहीत. "ताई, आणखी दोन महिने असं चाललं तर हिला भरती करावं लागेल. रक्त फार कमी आहे. औषध मी देते, पण औषध म्हणजे जेवण नव्हे."

रस्त्यात मुलगी पुढे पुढे चालत होती. आईने तिला थांबवलं.

"बाळा, तळात काही नसतं."

"असतं. तूच सांगितलंस."

"मी खोटं बोलले होते."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. ती मनात काहीतरी मागे मागे जाऊन मोजत असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मग तू काय खायचीस?"

आईने पदर खांद्यावर नीट केला.

"लॉन्ड्रीत जेवण मिळतं, ते?"

"चहा मिळतो."

"मी गब्बूला चिडवायचे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "त्याला रडवायचे मी, काहीच नसलेल्या पातेल्यासाठी! तू मला आधी का नाही सांगितलंस?" आणि घर येईपर्यंत तिने आईचा हात धरला नाही.

सुट्टीच्या दिवशी आईने चार ताटं मांडली. डाव मोजून सगळ्यांना सारखं वाढलं. पातेलं तिथेच रिकामं झालं.

नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. "आज हात आखडला वाटतं?"

"आजपासून एवढंच. सगळ्यांना सारखं."

"गोण्या काय एवढ्यावर उचलू मी?"

त्याचं खरं होतं. तिला माहीत होतं की त्याचं खरं आहे. तिने शाळेत काय झालं ते सांगितलं. तो घास हातात धरून बसला.

"माझ्यासमोर ताट भरून घ्यायची ना ती?"

"नाही. तुम्ही तुमच्या ताटात बघत होता."

"आणि तू? तू इतकी वर्षं..."

"माझ्याकडे तरी कुठे बघत होता?"

त्याने आपल्या ताटातला भात उचलून मुलीच्या ताटात घातला. मुलीने तो तितकाच परत त्याच्या ताटात टाकला. "सारखं म्हणाली ना आई? मग सारखं. उद्या तुम्हाला गोणी उचलता आली नाही तर कुणाला काय मिळणार आहे?"

अकरा वर्षांच्या पोरीला हे कळावं, याचं कौतुक करायचं की काय करायचं, ते कुणालाच सुचेना. बापाने भात कालवला.

आई नेहमीच्या सवयीने दोन घास खाऊन म्हणाली, "झालं माझं. पोट भरलं." आणि आपलं ताट गब्बूकडे सरकवू लागली.

"खोटं," मुलगी म्हणाली. तिने ताट धरून ठेवलं. "खा. मी बघतेय."

आईने ताट पुढ्यात ओढलं आणि खायला लागली. इतक्या वर्षांत इतकं जेवायची सवय राहिली नव्हती, घास घशात अडकत होता. तिला पाणीही पिऊ न देता मुलगी तिच्या तोंडाकडे रोखून पाहत होती, एकेक घास खाली जातो की नाही ते.

गब्बूचं ताट केव्हाच पुसून स्वच्छ झालं होतं. त्याला अजून भूक होती. तो आईच्या ताटाकडे बघत होता, आणि आई त्याच्याकडे न बघता जेवत होती.