तीनशे अठरा नंबरच्या फॉर्मची फजिती

हसू नका, मी एक फॉर्म बोलतोय. नंबर तीनशे अठरा. दिसायला साधा कागद, पण माझा तोरा विचारू नका! छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हाच ठरवून टाकलं, की या शहराचं भलं आता माझ्याच हातून होणार. अंगावर बावीस प्रश्न होते. उत्तर एकही नव्हतं, पण नाकाने कांदे सोलायला उत्तरं कशाला लागतात?

काम मोठं होतं. वस्तीतलं पाळणाघर चालू ठेवायचं की बंद करायचं, हे नगरपालिकेला ठरवायचं होतं. "आता अंदाजपंचे काही नाही. आकडे सांगतील तसंच करू," साहेबांनी जाहीर केलं. आणि आम्ही चारशे फॉर्म पाहणीवाल्या ताईंच्या पिशवीत बसून निघालो.

ताई बिचाऱ्या कचेरीच्या वेळात हिंडायच्या, अकरा ते चार. माझ्या वाट्याच्या घराला भलंमोठं कुलूप. तरी त्यांनी शेजारी चौकशी केली, घाम पुसला आणि माझ्या कपाळावर लिहिलं, 'दार बंद'. झालं माझं संशोधन! मला तर बरंच वाटलं. खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही. भरलेल्या फॉर्मांकडे मी नाक मुरडून बघत होतो.

मग मी संगणकावर आकडे भरणाऱ्या भाऊंकडे गेलो. सतरावा प्रश्न होता, 'पाळणाघराची गरज आहे का?' भाऊंनी चौकट रिकामी सोडून पाहिली. यंत्र पुढे सरकेना.

"होय नाहीतर नाही, दोनच घेतंय हे," असं पुटपुटत भाऊ 'नाही' दाबून मोकळे झाले. माझ्यासारख्या एकशे साठ कोऱ्या फॉर्मांचं त्यांनी असंच कल्याण केलं.

अहवाल आला. चारशे घरांत फक्त नऊ घरांना पाळणाघर हवं! एक तारखेपासून टाळं.

वस्तीची सभा भरली. साहेब, ताई, भाऊ सगळे आले, पुराव्याला आमचा गठ्ठाही. पाळणाघरातल्या मावशी उठल्या. "अहो साहेब, माझ्याकडे रोज नव्वद पोरं येतात. ती काय आभाळातून पडतात?"

"मावशी, तुमची तळमळ कळते हो. पण आकडे वेगळं सांगतायत."

मी गठ्ठ्यात फुगून बसलो. आकडे म्हणजे मीच की!

तेवढ्यात मागून एक बसकंडक्टर बाई बोलल्या, गणवेशातच आलेल्या. "एक तारखेपासून पोरीला ठेवू कुठे? तिकिटं फाडायला बसमध्ये नेऊ? नोकरी सोडावी लागेल मला. आणि मला तर कुणी विचारलंच नाही!"

ताईंनी त्या बाईंचा पत्ता विचारला आणि तो ऐकून ताईंचा चेहराच उतरला. गठ्ठा उपसून त्यांनी मला बाहेर काढलं.

"साहेब, हे घर बंद होतं. अशी एकशे साठ घरं बंद होती. माणसं कामावर, पोरं मावशींकडे! ज्यांना गरज होती, त्यांच्याच दारावरून मी परत आले. मी 'दार बंद' लिहिलं होतं. त्याचं 'नाही' कुणी केलं?"

भाऊ छताकडे बघू लागले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कोरेपणाचा टेंभा मिरवत होतो, त्याच्यापायी एका बाईची भाकरी जात होती.

साहेब माणूस मात्र सरळ. त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, टाळं थांबवलं आणि बंद घरांची पाहणी पुन्हा करायला सांगितली. रविवारी सकाळी ताई मला घेऊन त्याच दारात गेल्या. कंडक्टरबाईंनी सतराव्या प्रश्नापुढे 'होय' इतकं दाबून लिहिलं, की माझ्या पाठीवर उमटलं. वर त्यांच्या पोरीने माझ्या कोपऱ्यात खडूने बदक काढलं. निदान ती म्हणाली तरी बदक.

पाळणाघर चालू आहे. मी फायलीत पडून वाळवीची वाट बघतोय, माझी सगळी मिजास उतरलीय. जाता जाता एवढंच सांगतो. आमच्यासारख्यांचे आकडे कुणी तुमच्या तोंडावर फेकले, तर दबून जाऊ नका. फक्त विचारा, "दार किती वाजता वाजवलं होतं?"