पलीकडची दहा घरं

"सर, करमाडच्या त्या गल्लीत विहीर कधी नव्हतीच," सायली म्हणाली. "आणि तुमच्या प्रबंधात दहाही घरांतल्या बायका विहिरीवरून पाणी आणतात."

राजकुमार सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समाजकार्य विभागात शिकवताना त्यांची चोवीस वर्षं गेली होती. क्षेत्रकार्याला निघालेल्या मुलांना ते बजावत, "माणसाला भेटल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही." सायलीनं ते मनावर घेतलं होतं. वीस वर्षांपूर्वी सरांनी पीएच.डी.साठी करमाडची चाळीस कुटुंबं अभ्यासली होती. ती कुटुंबं आज कशी आहेत, हे सायली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पाहत होती. तीस घरांत सरांची आठवण निघाली. ओढ्यापलीकडची दहा घरं मात्र म्हणाली, आमच्याकडं कुणी आलंच नव्हतं.

"विसरले असतील," सर म्हणाले.

"दहाच्या दहा?" तिनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. "मी काय करते सर, ती घरं सापडली नाहीत असं लिहिते. गाव लई बदललंय, कोण बघतंय? मंगळवारी तुमची प्राध्यापकपदाच्या बढतीची मुलाखत आहे."

पोर आपल्याला सांभाळून घेतेय, हेच त्यांना जास्त झोंबलं. ते उठले. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. तेव्हा तीस घरं झाल्यावर सगळी उत्तरं त्यांना सारखीच वाटू लागली होती. ओढा ओलांडायला मोठा वळसा होता, प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी मतदारयादीतली दहा नावं उतरवली आणि एका दुपारीत फॉर्म मनानंच भरून संपवले.

"मी गेलोच नव्हतो, सायली. तेच लिही. मार्गदर्शक म्हणून खाली सही मी करतो."

"पण मुलाखत, सर?"

"होईल, नाहीतर नाही. उद्या सकाळी करमाडला जाऊ. कोरे फॉर्म घे."

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या पहिल्या घरी गोजरबाई दारात तूर पाखडत होती. सायलीनं ओळख करून दिली, तसा म्हातारीनं सूप थांबवलं.

"तुमीच व्हय मला विहिरीवर धाडणारे? या पोरीनं वाचून दावलं. लई हसले मी."

"चुकलं, मावशी."

"पाणी आमी रस्त्यावरच्या ढाब्यावरनं आणायचो, शिव्या खाऊन. ते लिवलं असतं तर नळ आला असता का लवकर?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले. "पण कागदावर तरी राहिलं असतं."

"मंग बसा. उन्हात नका उभं राहू." तिनं पोतं अंथरलं.

सरांनी फॉर्म मांडीवर घेतला. शेकडो मुलांना शिकवलेला पहिला प्रश्न त्यांनी स्वतः विचारला. "कुटुंबात माणसं किती?"

"तवाची सांगू, का आत्ताची?"

सायलीनं सरांकडं पाहिलं.

"तेव्हाची सांगा," सर म्हणाले.

गोजरबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि बोटांवर मोजू लागली. "आमचे साहेबराव. सासूबाई. थोरला सोमनाथ, त्याची बायको रूपा, त्यांची दोन लेकरं..." एक हात संपला, तिनं दुसरा पुढं घेतला. फॉर्मवरच्या पाच ओळी भरल्या, तसे सर समासात लिहू लागले.

आत चुलीपाशी एकच ताट धुऊन पालथं घातलं होतं.